न दिलेल्या गावची मुलं

“आणि ज्यांना दिलं नाही, त्या मुलांचं काय?” भंतेंनी विचारलं.

“तीही तेवढीच वाढली, भंते. मुद्दा तोच तर आहे.”

“तेवढीच?”

“अगदी तेवढीच. म्हणण्यासारखा फरक नाही.”

“म्हणजे दोन्हीकडची मुलं बरी आहेत?”

“बरी आहेत.”

“मग वाईट बातमी आणल्यासारखा चेहरा का केला आहेस?”

प्रशिकला हसूही आलं आणि रागही आला. म्हाताऱ्या माणसांना, त्यातून ज्यांनी आपल्याला शिकवलं त्या म्हाताऱ्या माणसांना, सरळ गोष्ट मुद्दाम वाकडी करून विचारायची खोड असते, असं त्याचं जुनं मत होतं.

डॉ. प्रशिक गजभिये हा काही ऐरागैरा माणूस नव्हता. दिल्लीतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत त्याचा शब्द चालत असे. सरकारने गरिबांसाठी एखादी योजना काढली, की ती खरंच उपयोगी पडते की नुसताच खर्च होतो, हे तपासून सांगणं त्याचं काम. त्याने मान डोलावली की योजना राज्यभर जाई. त्याने नकाराची मान हलवली की तिचा कारभार आटोपे.

आणि समोर चटईवर बसलेले भंते शीलबोधी. अंगावर भिक्षूचं चीवर यायच्या आधी ते रामटेके सर होते, नागपूरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. प्रशिकला आकड्यांची गोडी त्यांनीच लावली होती. सर निवृत्त झाले, पुढे त्यांची बायको गेली, आणि मग सगळं आवरून ते भंडाऱ्याकडच्या या सोनझरी तलावाकाठी, पळसपाणीच्या विहारात येऊन राहिले. प्रशिकच्या तोंडून अजूनही मधूनच ‘सर’ निघे, आणि मग तो जीभ चावे.

“पुन्हा सांग,” भंते म्हणाले. “सावकाश सांग. मला आता घाई नसते.”

प्रशिकने पुन्हा सांगितलं.

योजना साधी होती. लहान मुलांच्या आयांना दर महिन्याला शिध्याची पिशवी द्यायची. तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, तेल. आईने खायचं, मुलाला भरवायचं. पण सगळ्या गावांना एकदम द्यायचं नाही. आधी चिठ्ठ्या टाकायच्या. ज्या गावाची चिठ्ठी निघेल त्याला पिशवी, ज्याची निघणार नाही त्याला काही नाही. मग दोन्हीकडची मुलं तोलत राहायची.

“पिशवीची मुलं जास्त भरली, तर पिशवी कामाची,” प्रशिक म्हणाला. “आणि दोन्हीकडची सारखीच भरली, तर पिशवी बिनकामाची. पाऊसपाणी बरं झालं, दवाखाना आला, रस्ता आला... मुलं तशीही वाढलीच असती.”

“तशीही वाढलीच असती...” भंते म्हणाले.

त्यांनी हे कबूल केलं की नुसतंच म्हणून बघितलं, ते प्रशिकला कळलं नाही.

“मग माझ्याकडे कशाला आलास?”

आता प्रशिक जरा सावरून बसला. कामाची गोष्ट इथे होती.

हा आठवडा संपायच्या आत त्याला अहवाल मुंबईला द्यायचा होता. अहवाल पोचला की पिशवी बंद होणार, हे ठरल्यासारखंच होतं. पण ही योजना सुरू व्हावी म्हणून पहिली मागणी याच विहारातून गेली होती, भंतेंच्या सहीने. उद्या कुणी ओरडलं, मोर्चा काढला, तर सांगायला बरं, की ज्यांनी मागितली होती त्यांनाही आता पटलं आहे.

“तुमच्या दोन ओळी हव्यात, भंते. अहवालाच्या सुरुवातीला. बस, एवढंच.”

त्याने एक गोष्ट मात्र सांगितली नाही. या अभ्यासाचं बाहेरच्या देशांत कौतुक झालं होतं, आणि संस्थेचं संचालकपद त्याच्या अगदी हाताशी आलं होतं.

आवारातल्या पिंपळाखाली कुणीतरी झाडून काढलेली पानं पुन्हा पसरली होती. भंते त्या पानांकडे बघत राहिले.

“दोन ओळी लिहीन,” ते म्हणाले. “पण एक सांग. ज्यांना मिळालं, त्यांनी न मिळालेल्यांना दिलं असेल तर?”

प्रशिकचा चेहरा खुलला. या प्रश्नाची तो वाटच बघत होता. परीक्षेत नेमका पाठ केलेलाच प्रश्न यावा, तसं त्याला झालं.

“तुम्ही हे विचारणार हे मला माहीत होतं. वर्गात तुम्ही नेहमी म्हणायचात, माणूस एकटा खात नाही हे गृहीत धरा. मी धरलं. म्हणून तर गावं निवडताना अंतर ठेवलं.”

“अंतर.”

“रस्त्याचं अंतर. पिशवीचं गाव आणि बिनपिशवीचं गाव शेजारी नकोच. आता हेच बघा. तुमचं पळसपाणी पिशवीचं. बिनपिशवीचं सगळ्यात जवळचं गाव खैरबोडी. मी काल खैरबोडीलाच होतो, मुलांचं शेवटचं वजन होतं म्हणून. आज उजाडायच्या आत गाडी काढली. अख्ख्या तलावाला वळसा, मग तो जंगलातला खडबडीत रस्ता, मग फाटा... कंबर मोडली हो! मूठभर डाळ द्यायला इतका प्रवास कोण करील?”

“कोण करील,” भंते म्हणाले.

“शिवाय दुसरीही तजवीज केली. पिशवीवरच छापून घेतलं. मजकूर मी स्वतः लिहिला. ‘फक्त लाभार्थीसाठी. इतर कुणास दिल्यास शिधा कायमचा बंद होईल.’ ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवलं, आणि प्रत्येकीचा अंगठा घेतला.”

“अंगठा...”

भंतेंनी स्वतःचा अंगठा वर केला आणि तो उलटसुलट करून बघितला. मग हात पुन्हा मांडीवर ठेवला.

त्यांची ही सवय प्रशिकला वर्गापासून माहीत होती. मुलगा चुकला की सर रागवत नसत, फळ्याकडे पाठ करून असंच काहीतरी वायफळ करत बसत. पण आज प्रशिक चुकलेला नव्हता. त्याचे आकडे तीन जाणत्या माणसांनी तपासले होते.

ऊन अंगणात आलं. भंते उठले, भिक्षापात्र घेऊन आले आणि ते पुसून समोर ठेवलं.

“जेवणाची वेळ झाली. बारानंतर मला खाता येत नाही, तुला ठाऊक आहे. तूही थांब.”

“विहारात स्वयंपाक कोण करतं?”

“कुणी नाही. आजूबाजूची गावं पाळीपाळीने भोजनदान आणतात.”

“आज कुणाची पाळी?”

“खैरबोडीची.”

प्रशिक हसला. “खैरबोडीची? मग तुम्ही आज उपाशीच राहणार. मी पहाटे निघालो तेव्हा पोचलो. ते लोक एसटीने येईपर्यंत संध्याकाळ होईल.”

भंते तलावाकडे बघत होते.

प्रशिकनेही मान वळवली.

पलीकडच्या काठावरून एक डोंगा निघून आता निम्म्याहून जास्त पाणी कापून आला होता. एक म्हातारा बाप्या उभ्याने बांबू रेटत होता. डोंग्यात एक बाई बसली होती, मांडीवर मूल आणि पायापाशी डबा घेऊन.

प्रशिक आल्यापासून त्या तलावासमोरच बसला होता. पलीकडे घरं आहेत, हेही त्याने पाहिलं होतं. पण ती घरं म्हणजेच आपण सकाळी सोडलेलं गाव, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्याच्या नकाशात तलाव निळा रंगवलेला होता, आणि निळ्या रंगावरून कुणी चालत नाही.

डोंगा काठाला लागला. बाई उतरली, मूल कमरेवर घेतलं, डबा उचलला आणि चढण चढून विहारात आली.

“वंदामि, भंतेजी.”

“सुखी हो, तुळसा. पोरगी काय म्हणते?”

“लई वांड झाली जी. एका जागी बसत नाही.”

तिने पोरीला खाली ठेवलं आणि डबा उघडला.

भाताची वाफ वर आली.

प्रशिक त्या वाफेकडे बघतच राहिला. आपण ज्या गावाहून कंबर मोडून घेत आलो, त्या गावचा भात अजून गरम होता.

तुळसाने भात वाढला, वरण वाढलं, लाखोरीची भाजी वाढली. शेवटी दोन लाडू पात्रात ठेवले. शेंगदाण्याचे, गुळाचे.

डबा एका पिशवीत घालून आणला होता. पिशवी धुऊन धुऊन विरली होती आणि उलटी केलेली होती, शिवण बाहेर, छापील बाजू आत. पण कापड इतकं पातळ झालं होतं, की आतली हिरवी अक्षरं बाहेरून दिसत होती. उलटी दिसत असली तरी प्रशिकला वाचायची गरज नव्हती. तो मजकूर त्याचाच होता.

“ही पिशवी कुठली?” त्याने विचारलं.

तुळसाने त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. गाडीवर सरकारी पाटी होती.

“सापडली जी,” ती म्हणाली.

“कुठे सापडली?”

“काठावर... वाहत आली आसंल.”

“आणि हे लाडू? हेही वाहत आले?”

त्याचा आवाज चढला होता. त्याला खरोखरच राग आला होता. इतकी वर्षं! इतकी माणसं राबवली, दर खेपेला काटे तपासून घेतले, एकेका आकड्यासाठी भांडलो, आणि या बायकांनी डोंग्यात बसून सगळ्यावर पाणी फिरवलं! आपल्या घरात कुणी हात मारून गेल्यासारखं त्याला वाटलं.

पोरगी दचकून आईच्या पायाला बिलगली. चांगली गुटगुटीत होती, गालांना खळ्या पडत होत्या. काल हिलाच आपण काट्यावर बसवलं होतं, हे प्रशिकला आठवलं. ‘बिनपिशवी, वजन उत्तम’ असं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

तुळसा खाली बसली. भंतेंपुढे नाही, प्रशिकपुढे बसली.

“सायेब, माह्या बहिणीचा शिधा बंद नोका करू. तिची काही चूक नाही. तिनं नाही देल्ला जी. मीच मागतला. मी भांडून मागतला. तिच्या अंगठ्याले काही करू नोका.”



प्रशिकने भंतेंकडे पाहिलं. ते सोडवतील, असं त्याला वाटलं. भंते आपल्या पात्राकडे बघत होते.

मग त्यांनी एक लाडू उचलला, मधोमध फोडला आणि अर्धा प्रशिकपुढे धरला.

“खा.”

“मी... नको. हा तिच्या मुलीच्या तोंडचा आहे, सर.”

“दान आहे. खा.”

“पण हे नियमात...”

“प्रशिक, खा.”

प्रशिकने लाडू घेतला. तुळसा त्याच्या हाताकडे बघत होती. त्याने तो तोंडात घातला. लाडू खमंग होता, शेंगदाणे नीट भाजले होते. चावताना कुठल्याच घासाला एवढा वेळ लागल्याचं त्याला आठवेना.

त्याने गिळला.

“आता तक्रार केलीस तर स्वतःचंही नाव घाल,” भंते म्हणाले.

तुळसाने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की डोळे पुसत होती, ते समजलं नाही. बहुधा दोन्ही. पण ती उठली नाही. तिथेच मांडी घालून बसली, आणि आपणहून बोलू लागली.

“आमच्याकडे लई लेकी पाण्यापलीकडे देतात जी. माहेर अथी, सासर तथी. पळसपाणीच्या निम्म्या बाया खैरबोडीच्या हायेत, आन् आमच्याकडच्या निम्म्या इकडच्या. माही बहीण इथं देल्ली, मी गावातच राह्यली. तिचं लेकरू आन् माहं लेकरू एकाच महिन्यातलं. तिच्या लेकराले लाडू आन् माह्या लेकराले नाही, हे तिच्यानं कसं होईल जी?”

“म्हणजे फक्त तुम्हीच नाही. सगळ्याच.”

तुळसाने भंतेंकडे पाहिलं. भंतेंनी होकाराची खूण केली नाही, पण ती थांबलीही नाही.

“सगळ्याच. पोत्यानं नाही जी. मुठीमुठीनं. डोंगा बाजाराले जाते तवा.”

“आणि आमची माणसं विचारायला यायची, तेव्हा?”

“तवा म्हणायचं, हो जी, आमीच खातो.” ती जरा थांबली. “तुमचे लोक चांगले होते जी. एका पोरीनं तर माह्या लेकरासाठी झबलं आणलं. तिले खोटं सांगतानी वाईट वाटे. पण बहिणीचा शिधा गेला असता ना.”

प्रशिकच्या डोक्यात चाकं फिरू लागली. माणूस हाडाचा अर्थतज्ज्ञ. पडला तरी पडल्या जागी काहीतरी हिशेब करणारच.

दोन्हीकडची मुलं सारखी भरली, कारण दोन्हीकडच्या मुलांनी खाल्लं. म्हणजे पिशवी कामाची होती! नुसती कामाची नाही, एका पिशवीत दोन मुलं वाढली. म्हणजे एका मुलाला अर्धी पिशवी पुरते. म्हणजे पिशवी अर्धी करून, आहे त्याच खर्चात, दुप्पट गावांना...

त्याचे डोळे चमकले. अहवाल पडला नव्हता, उलट आता तो पहिल्यापेक्षा मोठा होणार होता.

“अर्ध्यात दोघींचं नीट भागायचं?” त्याने उत्साहाने विचारलं.

“लेकरांचं भागे जी.”

“आणि तुमचं? पिशवी आईसाठीही होती. तुम्ही त्यातलं किती खायचात?”

“मी?” तुळसाला प्रश्नच कळेना. “मी कायले खाऊ?”

“आणि बहीण?”

“तिनंही नाही. आमी खाल्लं तर दोन लेकरांले पुरंल का जी?”

तिने पोरीला उचलून मांडीवर घेतलं. हात वर गेला तशा बांगड्या घरंगळत कोपरापर्यंत गेल्या. त्या हाताला दंड असा नव्हताच, नुसतं हाड आणि कातडं होतं.

प्रशिकचा हिशेब तिथेच थांबला.

त्याच्या अभ्यासात मुलांची उंची होती, वजन होतं, दंडाचा घेर होता. आईचं काही नव्हतं. आई दर वेळी काट्याशेजारीच उभी असायची, मूल रडलं तर पुढे व्हायला. तिला काट्यावर उभं करावं, हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं. सगळ्यात आधी त्याच्या यायला हवं होतं, आणि त्याला आता लाज वाटली.

भंतेंनी जेवायला सुरुवात केली. ते खाली मान घालून सावकाश जेवले. जेवण झाल्यावर त्यांनी तुळसाला आशीर्वाद दिला, आणि ती रिकामा डबा पुन्हा त्याच पिशवीत घालून निघाली. पिशवी अजून उलटीच होती.

पायरीवर ती थांबली.

“सायेब, बहिणीचं...”

“काही होणार नाही, ताई.”

आपण हे कशाच्या जोरावर बोललो, ते प्रशिकला माहीत नव्हतं. ती काठाकडे उतरून गेली. म्हाताऱ्याने बांबू रोवून डोंगा धरून ठेवला होता.

डोंगा काठापासून सुटला.

“तुम्हाला माहीत होतं,” प्रशिक म्हणाला.

“हो.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्या लाडवापासून.”

“मग मला सांगितलं का नाहीत? एक पत्र टाकलं असतंत... एक फोन!”

“त्या इथे सांगतात, कारण इथून ते कुठे जात नाही.”

“मग आज मला का बघू दिलंत?”

“पाळी मी लावत नाही,” भंते म्हणाले. “त्या लावतात.”

प्रशिकने अहवाल मांडीवर घेतला. जाडजूड होता, गुळगुळीत कागदाचा. त्याने तो मधूनच उघडला. तक्ते होते, आलेख होते. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता, आणि एकेक तक्ता बघताना त्याला याचंच वाईट वाटत होतं.

“त्यांनी वाटून खाल्लं असं लिहिलं, तर नियम मोडला म्हणून शिधा बंद होईल,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलू लागला. “काहीच लिहिलं नाही, तर उपयोग नाही म्हणून बंद होईल. अर्ध्यात भागतं असं लिहिलं, तर अर्धा होईल... आणि तो अर्धाही या बायका पुन्हा वाटतील.”

भंते ऐकत होते.

“एकच उरतं. त्यांनी वाटलं ते बरोबर, चूक माझी, असं लिहायचं. नियम चुकीचा होता, अंतर चुकीचं मोजलं, आयांना तोललं नाही. या अभ्यासावरून काहीच सिद्ध होत नाही. पिशवी चालू ठेवा, आणि पलीकडेही द्या.”

तो थांबला. भंते काहीतरी म्हणतील, निदान ‘बरोबर’ एवढं तरी म्हणतील, असं त्याला वाटलं.

“माझं संचालकपद जाईल,” प्रशिक म्हणाला.

“जाईल.”

“लोक हसतील.”

“काही हसतील.”

प्रशिकने पेन काढलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत निष्कर्ष होता. त्यावर त्याने आडवी रेघ मारली. मग त्याने समासात लिहायला घेतलं, आणि चारेक ओळींनंतर पुन्हा थांबला.

भंते उठून पात्र धुवायला गेले होते. प्रशिक त्यांच्यामागे गेला.

“भंते, मुंबईला मोठी बैठक असते. सचिव असतात, दिल्लीची माणसं असतात. हे सगळं वाचल्यावर त्यातला कुणीतरी उठेल आणि विचारेल. इतकी वर्षं तुम्ही तिथे जात होतात, इतकी माणसं ठेवलीत, घरोघर फिरलात, आणि समोरच्या काठावरच्या बहिणी तुम्हाला दिसल्या नाहीत? मग मी काय सांगू?”

भंतेंनी पात्र राखेने घासलं, पाण्याने विसळलं, कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसलं आणि उन्हात पालथं ठेवलं.

“सांग,” ते म्हणाले, “मुलं गुटगुटीत होती, आणि त्यांच्या आया मला भीत होत्या.”